अटारी कोणाची आणि पाँग कोणाचा: परस्परविरोधी दाव्यांतून वाट कशी काढावी

तुम्ही महाविद्यालयातील परिसंवादासाठी आर्केड कंपन्यांच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या, आरंभकाळावर निबंध लिहीत आहात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी हकिकत सापडत असल्यामुळे अडला आहात, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. कोणी अटारी कंपनीचे नोलन बुशनेल यांना व्हिडिओ गेमचे जनक म्हणतो, कोणी तोच मान अभियंता राल्फ बेअर यांना देतो, तर कोणी बुशनेल यांचे भागीदार टेड डॅबनी यांचे श्रेय लाटले गेले असे लिहितो. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, असे तुम्ही विचारता. सेगा ही जपानी गेम कंपनी नक्की कधी स्थापन झाली, असा एक उपप्रश्नही तुम्ही शेवटी जोडला आहे.

एखादी कल्पना पेटंटच्या अर्जाच्या तारखेआधी कोठे अस्तित्वात होती का, हे जुन्या कागदपत्रांतून शोधून काढणे हा माझा व्यवसाय आहे आणि व्हिडिओ गेमच्या पेटंटांवरचे अमेरिकेतील खटले मी त्याच नजरेने वाचत आलो आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की तुमची खरी अडचण माणसांच्या खरेखोटेपणाची नाही. ‘जनक’ या एका बिरुदाखाली निदान चार वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत: कल्पना प्रथम कोणी मांडली, चालणारे यंत्र प्रथम कोणी बनवले, ते प्रथम बाजारात कोणी आणले, आणि कायद्याने हक्क कोणाला मिळाला. 1970 च्या आसपासच्या या इतिहासात या चार प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ज्याला जे उत्तर सोयीचे, तो त्यालाच संपूर्ण प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे करतो. निबंधासाठी यांपैकी कोणता प्रश्न निवडायचा, हे तुमच्या विषयावर अवलंबून आहे. तो निवडल्याशिवाय मात्र कोणताही संदर्भ तुमच्या उपयोगी पडणार नाही.

दाव्यांचे वजन ठरवण्याची माझी रीत साधी आहे. प्रत्येक विधानापुढे मी लिहून ठेवतो की ते कोणी केले, घटनेनंतर किती वर्षांनी केले, कोणासमोर केले, आणि ते करताना त्याचे काय पणाला लागले होते. उत्सवी मुलाखतीत सांगितलेली गोष्ट आणि शपथेवर दिलेली जबानी यांत फरक असतोच, पण जबानीसुद्धा खटल्यातील एका बाजूची असते, हे विसरून चालत नाही. माणूस स्वतःच्या गैरसोयीचे काही कबूल करतो तेव्हा त्या कबुलीला मी अधिक किंमत देतो. आणि सर्वांत अधिक किंमत देतो ती अशा कागदाला, जो लिहिताना त्याचा पुढे पुरावा म्हणून उपयोग होईल हे कोणाच्या मनातही नव्हते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे एक पाहुण्यांची वही. बेअर हे न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ येथे सँडर्स असोसिएट्स या संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते. घरातील दूरदर्शन संचावर खेळ खेळता येतील, ही कल्पना त्यांनी 1 सप्टेंबर 1966 रोजी चार पानांच्या टिपणात मांडली. पुढे बिल हॅरिसन आणि बिल रश यांच्या मदतीने त्यांनी टेबल टेनिससह अनेक खेळ खेळता येणारे यंत्र तयार केले, आणि त्याचा परवाना मॅग्नावॉक्स कंपनीने घेऊन 1972 मध्ये ते ‘ओडिसी’ या नावाने बाजारात आणले. त्याआधी, 24 मे 1972 रोजी, कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथे ओडिसीचे प्रात्यक्षिक झाले. तेथील पाहुण्यांच्या वहीत नोलन बुशनेल यांची सही आहे. अटारी कंपनीची नोंदणी त्यानंतर सुमारे महिन्याभराने, 27 जून 1972 रोजी झाली आणि तिचा पाँग हा टेबल टेनिससारखा खेळ त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आला. सही घेणाऱ्याने ती नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे घेतली आणि करणाऱ्याने सहज केली. पुढे न्यायालयात तिचे काय होणार आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या शेकडो पानांच्या वादापेक्षा ती एक सही मला मोलाची वाटते. बुशनेल यांनीही ओडिसी पाहिल्याचे पुढे मान्य केले. ती आपल्याला विशेष वाटली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

परंतु ती सही काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हेही नीट पाहावे. बुशनेल यांना ओडिसीचा टेबल टेनिसचा खेळ पाँगच्या आधी माहीत होता, एवढे ती सिद्ध करते. पाँगमधले विद्युत मंडल (सर्किट) ओडिसीवरून उतरवले, असे तिच्यावरून म्हणता येत नाही, आणि ते खरेही नाही. ओडिसी ट्रान्झिस्टर आणि डायोड यांच्यावर चालत असे, तिला आवाज नव्हता आणि गुण खेळाडूंनी स्वतःच मोजायचे होते. पाँग बनवला अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने. जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला आहे अशी थाप मारून बुशनेल यांनी त्यांना हे काम सराव म्हणून दिले होते, आणि अल्कॉर्न यांनी ते डिजिटल चिपांच्या साहाय्याने केले. चेंडू टोलवणाऱ्या पडद्यावरच्या फळीचे भाग पाडून चेंडू कोणत्या भागावर आदळला त्यानुसार त्याचा परतीचा कोन बदलणे, खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढवणे, पडद्यावर गुण दाखवणे आणि तो प्रसिद्ध ‘टॉक’ आवाज, हे सारे त्यांचे काम आहे. सनीव्हेलमधील अँडी कॅप्स टॅव्हर्न येथे ठेवलेला पहिला नमुना बंद पडला म्हणून तक्रार आली, तेव्हा नाण्यांचा डबा भरून वाहत असल्याचे आढळले. ही गोष्ट इतकी गोड आहे की मी तिच्याकडेही आधी संशयानेच पाहिले होते, पण ती दुरुस्तीला गेलेल्या अल्कॉर्न यांनीच अनेक वर्षे सातत्याने सांगितली आहे. म्हणून तुमच्या निबंधात पाँगविषयी लिहिताना खेळाच्या विषयाची प्रेरणा, त्याची रचना आणि त्याचा व्यापार यांचे श्रेय अनुक्रमे बेअर यांचा गट, अल्कॉर्न आणि बुशनेल यांच्यात विभागावे, असे माझे मत आहे.

आता न्यायालयाकडे वळू, कारण येथे बहुतेक लेखकांची गल्लत होते. मॅग्नावॉक्सने 1974 मध्ये अटारीसह बॅली-मिडवे, शिकागो कॉइन आदी कंपन्यांवर दावा लावला. अटारीने जून 1976 मध्ये तडजोड केली आणि हप्त्यांनी रक्कम देऊन परवाना घेतला. या रकमेचा आकडा अनेक वर्षे 7 लाख डॉलर असा छापला जात होता, पण कराराचा कागद उजेडात आल्यावर तो 15 लाख निघाला. उरलेल्या प्रतिवादींविरुद्ध न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी जानेवारी 1977 मध्ये निकाल दिला आणि बेअर यांचे पेटंट या क्षेत्रातील पायाभूत पेटंट ठरवले. अटारीने पाँग चोरल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, असे आपण जे वाचतो, ते यामुळे चुकीचे ठरते: अटारी निकालापूर्वीच बाजूला झाली होती, आणि तडजोड हा कबुलीजबाब नसतो. चालू खटल्याचा खर्च आणि हरण्याचा धोका यांच्या तुलनेत परवाना स्वस्त पडतो तेव्हा कंपन्या तडजोड करतात. हे मी माझ्या कामात वारंवार पाहतो.

दुसरी गल्लत याहून सूक्ष्म आहे. पेटंटचा निकाल ‘पहिला व्हिडिओ गेम कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी 1958 मध्ये ऑसिलोस्कोप या विद्युत संकेत दाखवणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखवला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 1962 मध्ये पीडीपी-1 संगणकावर स्पेसवॉर हा अवकाशयुद्धाचा खेळ चालवला होता. 1980 च्या दशकात निन्टेन्डोने याच पेटंटांविरुद्ध लढताना हिगिनबोथम यांचा खेळ पुढे केला, पण ऑसिलोस्कोपवरच्या त्या खेळात दूरदर्शनचा व्हिडिओ संकेत वापरलेला नव्हता, या कारणाने तो मुद्दा टिकला नाही. कायद्याच्या चौकटीत हे बरोबरच आहे, कारण तेथे प्रश्न विशिष्ट तंत्राचा होता. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र न्यायालयाची व्याख्या आपली म्हणून उचलण्याचे कारण नाही. पडद्यावर, माणसाच्या हालचालीला प्रतिसाद देत, केवळ करमणुकीसाठी चाललेला खेळ अशी व्याख्या केली, तर 1958 चा खेळ आपोआप आत येतो.

स्पेसवॉरचा उल्लेख आला म्हणून तारखांबाबत एक सावधगिरीही सांगतो. आपण तो खेळ विद्यार्थिदशेत युटा विद्यापीठात पाहिला, असे बुशनेल सांगत आले. ते तेथून 1968 मध्ये पदवीधर झाले. पण त्या काळात युटामध्ये स्पेसवॉर चालत असल्याचा समाधानकारक पुरावा संशोधकांना मिळालेला नाही, आणि त्यांनी तो 1969 च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पाहिला असावा, या मताकडे अनेकांचा कल आहे. या तीनचार वर्षांच्या फरकाने काय बिघडते, असे वाटेल. पण बेअर यांचे टिपण 1966 चे आहे; बुशनेल यांना व्हिडिओ गेमचा व्यवसाय करण्याची कल्पना त्याआधीच सुचली होती, असे ठरले, तर खटल्यात ते त्यांच्या बाजूला उपयोगी होते. ते मुद्दाम खोटे बोलले, असे मी म्हणत नाही. स्मृती आपल्या सोयीच्या दिशेने सरकते, आणि खटला चालू असताना ती अधिक वेगाने सरकते, एवढेच लक्षात ठेवावे.

बुशनेल आणि डॅबनी यांच्यातला वाद मला सर्वांत अवघड वाटतो, कारण येथे बाहेरचा साक्षीदार फारसा नाही. दोघेही अँपेक्स कंपनीत सहकारी होते आणि एकाच खोलीत बसत. स्पेसवॉरसारखा खेळ नाणे टाकून खेळता यावा, ही त्यांची योजना होती, पण संगणक वापरणे परवडत नव्हते. एका पीडीपी-1 ची किंमत 1 लाख 20 हजार डॉलरच्या घरात होती, आणि लहान संगणक या कामाला मंद पडत होते. यातून मार्ग निघाला तो दूरदर्शनच्याच रचनेतून. पडद्यावरच्या रेघा मोजणारे एक गणक मंडल असते. त्याच्या जोडीला ठिपक्यासाठी दुसरे गणक मंडल ठेवून त्याची मोजणी किंचित मागेपुढे केली, की ठिपका पडद्यावर सरकतो, आणि संगणकाची गरजच उरत नाही. ‘कॉम्प्युटर स्पेस’ या यंत्राचा हा कणा आहे. डॅबनी यांच्या म्हणण्यानुसार हे मूळ मंडल त्यांनी बनवले, तेही स्वतःच्या मुलीला तिच्या खोलीतून हलवून तेथे थाटलेल्या कार्यशाळेत. बुशनेल यांच्या जुन्या मुलाखतींत ती खोली त्यांच्या स्वतःच्या मुलीची आहे आणि काम त्यांचे आहे. या तंत्राचे पेटंट 1974 मध्ये मंजूर झाले, त्यावर शोधक म्हणून एकट्या बुशनेल यांचे नाव आहे.

पेटंटवर नाव आहे म्हणजे प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. या व्यवसायात राहून मी तसे म्हणू शकत नाही. अर्जात शोधकांची नावे अर्जदार स्वतः लिहितो. कोणी हरकत घेतली नाही, तर कार्यालय त्यामागची हकिकत खोदत बसत नाही. डॅबनी मार्च 1973 मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि आपला हिस्सा त्यांनी विकला. बुशनेल यांच्या बाजूने सांगितले जाते, की वाढत्या कंपनीचा व्याप डॅबनी यांना झेपत नव्हता. डॅबनी म्हणत, की आपल्याला दबाव आणून बाहेर काढले. त्यानंतर ते जवळजवळ साडेतीन दशके सार्वजनिकरीत्या काही बोलले नाहीत, आणि सविस्तर मुलाखती देऊ लागले ते उतारवयात. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे एका बाजूला ताजी, पण स्वार्थाने रंगलेली विधाने आहेत, आणि दुसऱ्या बाजूला उशिराची, दुखावलेल्या माणसाची. माझा कल मूळ मंडलाबाबत डॅबनी यांच्याकडे आहे. त्यामागे सहानुभूतीपेक्षा तपशील आहे: ते मंडल, ध्वनी, वीजपुरवठा आणि लाकडी पेटी यांचे काम कसे केले, हे ते कारागिराच्या बारकाईने सांगतात, आणि संपूर्ण खेळाचा आराखडा व विक्री यांचे श्रेय बुशनेल यांना देतात. जो माणूस प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याचे श्रेय नाकारत नाही, त्याचे स्वतःविषयीचे म्हणणे मी अधिक विश्वासाने ऐकतो. अटारीचे संस्थापक दोन आहेत, याविषयी मात्र मतभेदाला जागा नाही, कारण ते नोंदणीच्या कागदांतच आहे. एकट्या बुशनेल यांना संस्थापक म्हणणारा मजकूर तुम्ही निःशंकपणे बाजूला ठेवावा.

कॉम्प्युटर स्पेस हे नाणे टाकून खेळायचे पहिले व्हिडिओ यंत्र होते का, हा प्रश्नही तुमच्यासमोर येईल. ते माउंटन व्ह्यूच्या नटिंग असोसिएट्सने बनवले. ऑगस्ट 1971 मध्ये मेन्लो पार्कच्या डच गूज या बारमध्ये त्याची चाचणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या व्यापारी प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थी भवनात ‘गॅलेक्सी गेम’ ठेवला; त्यात चक्क पीडीपी-11 संगणक होता आणि 10 सेंटला एक डाव खेळता येई. गल्ल्यातून संगणकाची किंमत वसूल होणे कधीच शक्य नव्हते, पण विद्यार्थ्यांच्या रांगा लागत आणि त्याची सुधारित आवृत्ती 1979 पर्यंत तेथे होती. अनेक यंत्रांचे व्यापारी उत्पादन हा निकष घेतला, तर मान कॉम्प्युटर स्पेसचा. ‘प्रथम लोकांसमोर’ हा निकष घेतला, तर दोघांमध्ये थोड्याच आठवड्यांचे अंतर आहे, आणि त्यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

समकालीन छापील पुरावा नेहमी खरा असतो, हा समजही सोडून द्यावा, असे मी सांगेन. 1973 मध्ये ‘की गेम्स’ नावाची कंपनी निघाली. अटारीचे काही लोक फोडून ती प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली, अशा बातम्या व्यापारी नियतकालिकांत आल्या. वस्तुतः ती अटारीचीच होती आणि तिचे प्रमुख जो कीनन हे बुशनेल यांचे शेजारी होते. त्या काळी प्रत्येक शहरातील वितरक एका कंपनीचा माल फक्त आपल्याकडे असावा, असा आग्रह धरत. त्यामुळे दुसऱ्या वितरकाला माल विकायचा, तर दुसरे नाव हवे होते. अटारीचेच खेळ थोड्या फरकाने की गेम्सच्या नावाने विकले जात. पुढे या बनावट प्रतिस्पर्ध्याचा ‘टँक’ हा खेळ इतका गाजला की मूळ कंपनीलाही त्याचा आधार झाला. म्हणजे 1973 च्या अंकात छापलेली बातमी, त्याच वर्षीची असूनही, फसवण्यासाठीच पेरलेली होती. पाँगच्या वेळी बॅली आणि तिची उपकंपनी मिडवे यांच्याशी बोलताना बुशनेल यांनी ‘तो दुसऱ्यांना नको आहे’ असे दोघांनाही सांगितल्याची हकिकत प्रसिद्धच आहे. अशा माणसाच्या कंपनीचा इतिहास लिहिताना तिची प्रसिद्धिपत्रके पडताळून घ्यावी लागतात.

याच्या उलट बाजूचाही एक धोका आहे. बेअर यांचा इतिहास इतका नेटका का दिसतो? सँडर्समध्ये संरक्षण खात्याची कामे चालत, त्यामुळे रोजच्या कामाच्या वह्यांत तारखा घालून सह्या करण्याची सवय होती. पुढे त्याच वह्या खटल्यांत कामाला आल्या म्हणून जपल्या गेल्या, आणि शेवटी स्मिथसोनियन संस्थेकडे गेल्या. बारच्या मागच्या खोलीत डाग देऊन मंडले जोडणाऱ्यांनी अशा वह्या लिहिल्या नाहीत. पाँगच्या नकला करणाऱ्या डझनभर कंपन्यांमधील अभियंत्यांची तर नावेही आज सहज मिळत नाहीत, आणि तरी 1973 मध्ये बाजारात आलेल्या पाँगसारख्या यंत्रांपैकी बहुसंख्य अटारीची नव्हती, याच नकलाकारांची होती. ज्याच्याजवळ कागद आहे तोच इतिहासात मोठा दिसतो. निबंधात ही मर्यादा एका वाक्यात नोंदवली, तर तुमच्या परीक्षकांना तुमची तयारी कळेल.

आता सेगा. तुम्हाला 1940, 1951, 1960 आणि 1965 अशी चार वर्षे सापडली आणि त्यांतले एकच खरे असले पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. चारही खरी आहेत. फक्त प्रत्येक वर्ष वेगळ्या घटनेचे आहे. 1940 मध्ये होनोलुलूत मार्टिन ब्रॉमली आणि त्यांच्या भागीदारांनी लष्करी तळांना नाण्यांची यंत्रे पुरवण्यासाठी कंपनी काढली. युद्धानंतर तिचे काम ‘सर्व्हिस गेम्स’ या नावाने चालू राहिले. 1951 मध्ये अमेरिकेत जुगारी यंत्रांच्या वाहतुकीवर कायद्याने बंधने आली आणि धंद्याचे लक्ष जपानकडे वळले. 1960 मध्ये जपानमधील सर्व्हिस गेम्स विसर्जित करण्यात आली आणि 3 जूनला तिच्या जागी ‘निहोन गोराकु बुस्सान’ नावाची कंपनी उभी राहिली. सेगा स्वतः आपला वर्धापनदिन याच दिवसापासून मोजते. 1965 मध्ये तिचे डेव्हिड रोझेन यांच्या रोझेन एंटरप्रायझेसशी विलीनीकरण झाले आणि ‘सेगा एंटरप्रायझेस’ हे नाव आले. रोझेन यांना सेगाचे संस्थापक म्हणणारे लेख केवळ या शेवटच्या टप्प्यावर बोट ठेवतात. नावाचा इतिहास लिहीत असाल तर 1965 घ्या, कायदेशीर अस्तित्वासाठी 1960 घ्या, आणि धंद्याची मुळे दाखवायची असतील तर होनोलुलूपासून सुरुवात करा. नाणे टाकून खेळायच्या ‘पेरिस्कोप’ या प्रसिद्ध यंत्राबाबतही हाच सावधपणा बाळगा: ते सेगाने 1966 मध्ये आणले, हे सर्वत्र लिहिलेले असते, पण पुढे नामको म्हणून ओळखल्या गेलेल्या मासाया नाकामुरा यांच्या कंपनीनेही त्याच सुमारास त्याच नावाचे यंत्र बनवले होते. त्यामुळे ‘सेगाचा शोध’ असे न लिहिता ‘सेगाने जगभर पोहोचवलेले यंत्र’ असे लिहिले, तर ते विधान टिकेल.